बांधावरचा दुसरा श्वास

कडावच्या आमच्या शेतातली भाताची रोपं एका म्हशीने खाल्ली, तेव्हा मी तिथून दोन हातांवर बसलो होतो. डोळे मिटून. (खुलासा : झोपलो नव्हतो. झोपलो असतो तर घोरलो असतो आणि म्हैस बिचकून पळाली असती.)

पार्श्वभूमी अशी. तीस वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत काढून मी गावी परतलो आणि तापट स्वभावावर उपाय म्हणून खोपोलीजवळच्या दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जाऊन आलो. बुद्धांची वाट तिथे साध्या शब्दांत शिकवली : श्वासावर लक्ष ठेवा, घडतंय ते जसंच्या तसं पाहा, रागावू नका. मला हे जड गेलं नाही. घटनास्थळी उभं राहायचं, सगळं टिपायचं आणि मध्ये पडायचं नाही, हे मी आयुष्यभर पगार घेऊन केलं होतं!

घरी येताच अंमलबजावणी सुरू केली. एकेक घास बत्तीस वेळा चावू लागलो. वहिनी ताट उचलायला ताटकळल्या.

"भावोजी, भाकरी हाय ती. तिची चौकशी कसली करताय?"

लावणी दोन दिवसांवर आली होती. सकाळी उघडीप मिळाली तसा दादा खत आणायला कर्जतला निघाला.

"रोपांजवळ बस रं. काशिनाथतात्याची म्हैस मोकाट फिरते. रोपं गेली तर वर्षाचा भात गेला!"

"निर्धास्त जा. लक्ष द्यायलाच तर शिकून आलोय."

बांधावर पोतं अंथरलं, मांडी घातली, डोळे मिटले. विचार आले, त्यांना जाऊ दिलं. मग समोरून चर्र चर्र ऐकू आलं. मनात नोंद केली : आवाज. पाणी डुबुक वाजलं. नोंद केली : आणखी आवाज. थोड्या वेळाने श्वास जाणवला. नेमका नाकाच्या टोकाशी, जिथे तो पाहायला शिकवला होता. लांब, खोल, गरम, ओल्या गवताच्या वासाचा. इतका संथ श्वास मला जन्मात जमला नव्हता! दहा दिवसांत झालं नाही ते बांधावर अर्ध्या तासात झालं, या आनंदाने डोळे भरून आले.

मग त्या श्वासाने माझा गाल चाटला.

डोळे उघडले. समोर म्हैस होती आणि निम्मी रोपं नव्हती. आता राग येणार, हे मी वेळीच ओळखलं. शिकवल्याप्रमाणे त्याच्याकडे शांतपणे पाहत राहिलो. राग पूर्ण मावळला, तेव्हा उरलेली निम्मी रोपंही मावळली होती.

दादा परतला. "काय झालं रं?"

"म्हैस एक. रंग काळा, डावं शिंग वाकडं. पूर्वेकडून आली असावी..."

"बातमी नको सांगू! रोपं कुठं हायत?"

"दादा, जगात काहीच टिकत नाही."

हे वाक्य टाळता आलं असतं. दादाने पायातली चप्पल हातात घेतली. वहिनी मध्ये पडल्या, पण माझ्या बाजूने नव्हे.

"बुद्धानं रागावू नका सांगितलं ना भावोजी? मग न रागावता हाकलायची व्हती! हाकलू नका असं कुठं सांगितलंय?"

मी मनात नोंद केली : मुद्दा बिनतोड.

संध्याकाळी काशिनाथतात्या स्वतः आले, ओशाळलेले. त्यांच्याकडे जास्तीची रोपं होती.

"म्हैस माजी, तर रोपं बी माजी घ्या. आमची लावणी उद्या हाय. या ध्यानवाल्याला तेवढा लावायला पाठवा."

वर्षाचा भात वाचला. माझी कंबर वाचली नाही. तीन दिवस गुडघाभर चिखलात वाकून मी एकेक रोप खोचत होतो.

"तात्या, कंबर गेली हो!"

"नुसतं बघा तिच्याकडं. रागावू नका."

बांधावर म्हैस आता दाव्याला बांधलेली होती. तरी तिच्या तोंडावर तक्रार नव्हती, राग नव्हता, घाई नव्हती. डोळे अर्धे मिटून ती रवंथ करत होती. वाकल्या वाकल्या मी तिचा एक घास मोजला. बत्तीसच्या पुढे गेली!

शिबिराला आमच्या आळीतून भलताच प्राणी गेला होता.