आधी बाहेर, मग विचार

धोक्याचा इशारा मिळाल्याबरोबर निमूट वागणारा एकच माणूस या पृथ्वीवर जन्माला आला आणि तो नेमका माझा साडू निघाला, हे मी छातीठोकपणे सांगतो. दौंडकडच्या एका केमिकल कंपनीत ते सेफ्टीला होते. कमरेला गॅस तपासायचं यंत्र, साबणाच्या वडीएवढं. हवेत विषारी गॅस असला किंवा ऑक्सिजन कमी पडला, की ते कोकलायचं. ते कोकललं, की साडू हातातलं काम टाकून वारा येत असेल त्या दिशेला चालू लागायचे. "आधी बाहेर, मग विचार," हा त्यांचा मंत्र. बटण दाबून यंत्राला गप्प बसवणाऱ्याशी ते आठवडाभर बोलत नसत.

बरं, कंपनीत ठीक आहे हो! पण घरीही तेच. कुकरची शिट्टी झाली, की साडू अंगणात. सासुरवाडीला आले तरी चिमूटभर माती हवेत सोडून वारा बघणार आणि मगच कुठल्या बाजेवर टेकायचं ते ठरवणार. कासुर्डीच्या एका लग्नात आचाऱ्याच्या शेगडीची नळी निसटली, जरासा वास आला, तर या गृहस्थांनी अख्खी पंगत भरल्या ताटांवरून उठवून लांबच्या बाभळीखाली नेली. बाशिंगासकट नवरदेवही! वरमाय कडाडली, "आवो, जिलबी गार झाली की!"

"जिलबी परत गरम करता येती वैनी, माणूस न्हाई," साडू म्हणाले आणि नळी स्वतः बसवायला गेले.

तेव्हापासून पाहुण्यारावळ्यांत त्यांचं नाव 'भोंगा' पडलं. चिडवण्यात माझा धाकटा भाऊ सगळ्यांच्या पुढे. साडू दारात दिसले रे दिसले, की हा तोंडाने पिप् पिप् सुरू करायचा. साडू गालातल्या गालात हसायचे, पण बदलतील तर शपथ.

राहू गावाला आमची जुनी विहीर बरीच वर्षं फळ्या टाकून झाकलेली होती. ऊस वाळायला लागला, म्हणून ती पुन्हा चालू करायची ठरली आणि गाळ बघायला भाऊ उतरला. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, विहिरीला नारळ फोडला. नेमके त्याच दिवशी साडू ते यंत्र पुण्याहून तपासून घेऊन कंपनीकडे चालले होते, आणि वाट वाकडी करून आमच्याकडे चहाला आले. बघतात तो भाऊ कमरेला दोर बांधून निम्म्या विहिरीत! त्यांनी कप ठेवला, यंत्राला सुतळी बांधली आणि त्याच्या पायांखाली सोडलं. ते जे कोकलायला लागलं!

"वर ये!"

"पाव्हणं, तुमी तर कुकरला बी भिता," भाऊ खालून हसला.

"नारळ फोडलाय, काय हुत न्हाई," आबा म्हणाले.

"आबा, नारळाला नाक न्हाई!" असं म्हणत साडूंनी माझ्या हातातला दोर हिसकावला आणि त्याला ओढायलाच लागले. भाऊ शिव्या देत वर आला. मग साडूंनी पेटता कंदील खाली सोडला. भाऊ होता त्याच्या जरा खाली गेल्यावर तो फक्कन विझला.  पुढे पिप् पिप् भावाने कधी केलं नाही.

साडू रिटायर झाले, यंत्र कंपनीत जमा झालं. तरी हात आपला सारखा कमरेकडे जायचा.

ते गेले त्या दुपारची गोष्ट. दौंडच्या दवाखान्यात त्यांच्या उशाचं मशीन एकदम ओरडायला लागलं. साडूंनी डोळे उघडले. आवाज खोल गेलेला, हुकूम मात्र तोच. "मशीन वरडतंय. समदी बाहेर व्हा."

डॉक्टर धावत आले आणि आम्ही खरोखरच बाहेर झालो. भाऊ तेवढा हात धरून बसून राहिला.

"तू बी जा."

"न्हाई जात पाव्हणं. आज दोर माझ्या हातात हाय."

उभ्या आयुष्यात ओरडणाऱ्या यंत्राजवळ साडूंनी कुणाला थांबू दिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी भावाला पुन्हा जा म्हटलं नाही.