एक मूठ जास्त

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू मुठीने मोजतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची एक मूठ, मग तो पाळण्यातला का असेना. बायकांची मूठ नसते. निवडायचं आणि दळायचं मात्र आम्हीच. हे रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे, परक्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही. वडील गेल्यापासून खानदेशाबाहेर, पांडेसऱ्याच्या मिलवस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत एकच मूठ पडायची, धाकट्या भावाची. त्या वर्षी आईने सुपात आणखी एक टाकली आणि मी उडालेच.

"ही कोणाची?"

"त्यान्हा दादानी," आई म्हणाली.

हा दादा आमच्याच तालुक्याचा, भावाच्या डाइंग मिलमध्ये कामाला. पगाराच्या दिवशी नाक्यावर कामगारांचे मोबाइल हिसकावले जायचे, तेव्हा यानेच आपल्याकडच्या पाच-सहा जणांना एकत्र चालायला लावलं. हिसकावणं थांबलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग त्यांना लारीवर, म्हणजे हातगाडीवर, फुकट चहा मिळू लागला. मग कोणाची लारी कुठे लागणार, तेही हेच ठरवू लागले. सहाचे तीस झाले, आणि पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या मुलखातून आलेल्यांनीही आपले तीस जमवले. मी काही बोलले की भाऊ म्हणायचा, "ताई, तो नसता ना, तर आपल्याला इथे कोण विचारतं?"

कानबाईच्या विसर्जनाच्या सकाळी मला कॉटखाली लोखंडी पाइप सापडला. दुपारी नाक्यावर दोन्ही टोळ्या भिडणार होत्या, एवढं भावाच्या तोंडून काढलं. आईला सांगितलं, तर तिने तव्यावरचा रोट उलटला. मला तिचा भयंकर राग आला. पोरगा हातचा जायची वेळ आली, आणि ही त्या गुंडाचे रोट भाजत बसली होती!

विसर्जन करून आम्ही परतलो, तोवर दादा भावाला न्यायला दारात हजर. आईने दोन पाट मांडले.

"बठ. तुन्ही मूठ दळेल शे."

"मावशी, माले काम शे."

"आते तू मन्हा घरना. रोट सरेपावत कोनी उठानं नही."

तो जरा घुटमळला आणि मग त्याने चपला काढल्या. जाडजूड रोट, खीर, गंगाफळाची भाजी. त्याचा फोन सारखा वाजत होता. प्रत्येक वेळी भाऊ अर्धवट उठायचा, दादाकडे बघायचा आणि परत बसायचा. माझा जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या रोटाला दादाने फोन बंद केला आणि ताटाकडे बघतच म्हणाला, "चार वरीस व्हयनात, मन्हा घर मन्ही मूठ मोजतस नही."

आईने त्याला आणखी एक रोट वाढला.

दादाच आला नाही म्हटल्यावर नाक्यावरची दोन्हीकडची पोरं तासाभरात पांगली, असं शेजारीण सांगत आली. तेव्हा हे दोघे फरशीवर आडवे होऊन घोरत होते. भावाचं घोरणं मला एरवी सहन होत नाही. त्या दुपारी मी उंबऱ्यात बसून ते ऐकत राहिले आणि पोटभर रडले. मग पाइप उचलून भंगारवाल्याला देऊन आले.

"तुला हे आधीच सुचलं होतं?" मी आईला विचारलं.

"माले इतलंच माहीत व्हतं," ती भांडी घासता घासता म्हणाली, "तो उठना नही तं मन्हा आंडोर बी उठाव नही."

टोळी काही त्या दिवशी संपली नाही. पण भाऊ हळूहळू तिच्यातून बाहेर आला, आणि दादाने दूर पलसाण्याच्या मिलमध्ये काम धरलं. यंदा आईचे गुडघे दुखत होते, म्हणून गहू मोजायला मी बसले. कोणालाही न विचारता सुपात दोन मुठी टाकल्या, भावाची आणि दादाची.