पबची किळस येणारा बेसवाला

इंग्लंडातल्या कीथली गावात कुणाचं गटार तुंबलं की नेव्हिल मरगट्रॉइडला फोन जातो. अठ्ठावन्न वर्षांचा हा गृहस्थ कोपरापर्यंत रबरी हातमोजा चढवतो, झाकण उचलून आत डोकावतो, "अहाहा, चरबी!" म्हणतो आणि कामाला लागतो. गल्लीभराचं जे काही वाहून जायचं राहिलेलं असेल ते सकाळी उपसायचं आणि दुपारी त्याच व्हॅनमध्ये बसून अंड्याचं सँडविच खायचं. मळमळ नाही, नाकाला रुमाल नाही.

हाच नेव्हिल पबचं दार ढकलून आत शिरला की त्याचा हात रुमालाकडे जातो.

"गटार प्रामाणिक असतं," तो म्हणतो. "मी गटार आहे असं ते तोंडावर सांगतं. पबमधला गालिचा मात्र मी गालिचा आहे असं सांगतो."

आणि तरी एकतीस वर्षं हा माणूस पबांमध्ये बेस गिटार वाजवत आला आहे. करणार काय? एकट्यानं घरी बेस वाजवणं म्हणजे नुसतं मीठ खाण्यासारखं. शेजारी गिटार हवी, मागे ड्रम हवेत, समोर चार माणसं हवीत. आणि ही सगळी मंडळी एकत्र सापडतात ती त्या ओल्या कुत्र्याच्या वासाच्या खोलीत. वाजवणाऱ्यांना जागाही अशी मिळते, की पुरुषांच्या मुतारीचं दार पाठीशी. प्रत्येक गाण्यात ते दार तीनदा उघडतं आणि प्रत्येक वेळी आतली एक झुळूक नेव्हिलच्या मानेला लागते. माइकला गायकानं खाल्लेल्या व्हिनेगरातल्या कांद्यांचा वास. अॅम्पवर, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या पेटीवर, लोकांचे ग्लास. एकदा घरी येऊन वायरींची पिशवी उघडली तर आत कुणाच्या तरी दातांची अर्धी कवळी निघाली. घेऊन जायला कुणी आलं नाही. त्या दिवसापासून त्याची बायको ग्लेनिस ते सामान घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. सोमवारी सकाळी नेव्हिल अंगणात उभा राहून एकेक वायर जंतुनाशकानं पुसतो आणि मग निवांत मनानं गटारं उपसायला जातो.

त्याच्या बँडचं नाव रस्टी गेट्स. गिटार आणि गाणं रॉडनी थॅकरेचं. हा दिवसा घरं विकतो, त्यामुळे ज्या स्वरापर्यंत आपण पोचत नाही तोही अगदी हाताशी आहे असं त्याला मनापासून वाटतं. ड्रमवर डगी, धंद्यानं खाटीक. बँडचा कायदा एकच: आपलं सामान आपण उचलायचं. आत नेतानाही आणि बाहेर काढतानाही. सख्खा बाप वाकलेला दिसला तरी हात लावायचा नाही. पूर्वी एक कीबोर्डवाला दोन वर्षं सगळ्यांकडून आपला ऑर्गन वाहून घेऊन एके दिवशी दुसऱ्या बँडमध्ये निघून गेला, तेव्हा हा कायदा झाला. ज्याला उचलता येणार नाही त्यानं वाजवू नये. हे शेवटचं कलम टेबलावर मूठ आपटून ज्यानं घालायला लावलं, तो नेव्हिल.

मार्च महिन्यात नेव्हिलची पाठ गेली. कपाटाएवढी जुनी स्पीकरची पेटी व्हॅनमधून उतरवताना तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. डगीनं भोवती फेरी मारून त्याला दोन्ही बाजूंनी बघून घेतलं आणि कायद्याप्रमाणे हात लावला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, एका हातात दहा किलोच्या वर काही नको आणि तो धोंड्यासारखा जुना बेस खांद्याला तर मुळीच नको.

"तू आराम कर रे," रॉडनी फोनवर म्हणाला. आवाज इतका गोड की नेव्हिलच्या अंगावर काटा आला. "तोपर्यंत आमचा केल्विन वाजवेल की."

केल्विन म्हणजे रॉडनीच्या बायकोचा भाऊ. विम्याच्या कचेरीत मोठ्या पदावर. त्याच्याकडे महागडा जुना अमेरिकन बेस होता, मखमलीच्या पेटीत झोपणारा. वाजवून झालं की तो एकेक तार वेगळ्या फडक्यानं पुसायचा.

"तोपर्यंत म्हणजे किती?" नेव्हिलनं विचारलं.

"पाठ बरी होईपर्यंत, दुसरं काय!"

पबांमधल्या बँडात बदली म्हणून आलेला माणूस कधी परत जात नाही. हे नेव्हिलला पक्कं ठाऊक होतं, कारण तो स्वतःच एकतीस वर्षांपूर्वी पंधरा दिवसांच्या बदलीवर आला होता. ज्याच्या जागी आला तो म्हातारा अजून बाजारात भेटला की विचारतो, "मग, मी कधीपासून येऊ?"

"रविवारी फ्लीस पबात तीन वाजता कार्यक्रम आहे ना?" नेव्हिल म्हणाला. "मी येतोय. माझं सामान मी उचलणार. एका खेपेत."

"ये बाबा. पण केल्विनला सांगून ठेवतो हां. नुसतं गाडीत सामान घेऊन बस म्हणतो. असू दे."

स्वयंपाकघरात ग्लेनिस बटाटे सोलत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे नवं हलकं सामान घ्यायचं आणि या वर्षी चाकांवरच्या घरातली, कॅराव्हॅनची सुट्टी नाही," ती म्हणाली.

"तुला काय मोठी आवड आहे तिची? तिथलं संडासाचं टाकं मीच रिकामं करतो."

"आणि सबंध सुट्टीत तेवढा एकच वेळ तू हसतोस. किती लागतील?"

"साडेतीनशे पौंडात दोन्ही बसवतो. बेस आणि अॅम्प."

"बसव. पण उंबऱ्याच्या बाहेर."

गुरुवारी तो ब्रॅडफर्डला बेरिल ऑडीच्या दुकानात गेला. जुनी वाद्यं विकणारी ही सत्तरीची बाई दिवसभर गल्ल्यामागे विणत बसते आणि गिऱ्हाईक नको ते निवडत असलं तरी मान वर करत नाही. अॅम्पचं काम पटकन झालं. कोपऱ्यात एक चिनी अॅम्प होता, स्पीकर आतच बसवलेला, एका हातात सहज उचलला जाणारा. त्याच्या कंपनीचं नाव बेरिललाही वाचता येत नव्हतं.

"हा एवढासा पबात ऐकू येईल का हो?"

"ते त्याच्यावर नाही राजा, तुझ्यावर आहे," बेरिल सुईवरचे टाके मोजत म्हणाली.

राहिला बेस. खिशाला आणि खांद्याला परवडणारे दोनच होते. पहिला लाल चेरीच्या रंगाचा. नेव्हिलनं दुकानाचं दार लावून घेतलं, स्टुलावर बसून एक तार छेडली. पोटातून निघालेला, गरम रश्शासारखा दाट सूर खोलीभर पसरला. नेव्हिलनं डोळे मिटले. दुसरा बेस शिळ्या उकडलेल्या वाटाण्यांच्या रंगाचा होता. कुणीतरी त्याच्यावर चित्रं चिकटवून मग ती नखानं खरवडलेली. त्या गोंदावर वीस वर्षांची धूळ आणि काही केस बसलेले. केस कुणाचे, कुठले, असले विचार नेव्हिलनं मनातून रेटून बाहेर काढले. दोन बोटांनी धरून त्यानं तार छेडली. सर्दी झालेला माणूस नाकातून भांडावा तसा आवाज आला.

"शी!" नेव्हिलनं बोटं पँटला पुसली. "हा कोण घेतं?"

"अजून कुणी घेतला नाही," बेरिल म्हणाली.

तो चेरी घेऊन घरी आला. शुक्रवारी दिवसभर व्हॅनमध्ये बसून गुणगुणत होता. शनिवारी दुपारी ग्लेनिसनं नव्या सामानाला अजून पबचा वास लागलेला नाही म्हणून उदार मनानं स्वयंपाकघरात वाजवायची परवानगी दिली. नेव्हिल स्टुलावर बसून वाजवत होता, चेहऱ्यावर समाधान होतं, आणि ग्लेनिसनं पलीकडच्या खोलीत व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला.

बेस बंद पडला.

नेव्हिलनं वायर तपासली. वायर जागेवर. तार छेडली. हात हलतोय, तार थरथरतेय, आवाज नाही. त्यानं अॅम्प वाढवला. मांडणीवरच्या बशा खुळखुळल्या, चमचे उड्या मारायला लागले, टेबलावरची मिठाची बरणी सरकत कडेला आली, पण सूर म्हणून जो काही होता तो कुठे गेला कळेना. ग्लेनिसनं क्लीनर बंद केला. बेस परत आला, गरम रश्शासारखा.

"पुन्हा चालू कर," नेव्हिल म्हणाला.

"झालं माझं झाडून."

"चालू कर म्हणतोय ना!"

तिनं केला. बेस पुन्हा गडप. रॉडनीची गिटार आणि डगीच्या झांजा एकत्र वाजल्या की नेमकी अशीच घरघर होते आणि तिच्यात दाट सूर बुडतो, हे एकतीस वर्षं त्यांच्यामध्ये उभं राहिलेल्या माणसाला कळायला हवं होतं. दार लावून, स्टुलावर बसून, एकट्यासाठी बेस निवडायचा आणि न्यायचा मात्र त्या कल्लोळात! नवशिक्या पोरांना ज्या चुकीवरून तो हसायचा, तीच त्यानं स्वतः साडेतीनशे पौंडांत केली होती. स्वतःची इतकी शिसारी त्याला आजवर कधी आली नव्हती. मुतारीच्या दाराचीसुद्धा नाही.

घड्याळात तीन वाजले होते. बेरिल चारला दुकान बंद करते.

पावणेचारला तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या पाठीवर चेरी होता, एका हातात अॅम्प होता आणि मागून ग्लेनिस व्हॅक्यूम क्लीनर ओढत येत होती. बेरिलनं पहिल्यांदा विणकाम खाली ठेवलं.

"क्लीनर बदल्यात घेत नाही मी, राजा."

"बदल्यात नाही हो. जरा भिंतीतला प्लग दाखवा. ग्लेनिस, लाव."

"कुठे लावू? इथे तर सगळी धूळच आहे," ग्लेनिस म्हणाली आणि बेरिलकडे बघून, "राग मानू नका हं."

"मानत नाही. आलीच आहेस तर खिडकीखालून सुरुवात कर."

क्लीनर घरघरला. नेव्हिल या वेळी उभा राहिला. वाटाण्याच्या रंगाचा तो घाणेरडा बेस त्यानं श्वास रोखून गळ्यात घातला आणि अॅम्पची खर्जाची घुंडी उतरवून मधल्या पट्टीची चढवली. त्या घरघरीच्या डोक्यावर पाय देऊन तो नाकातला आवाज बाहेर आला. एकेक सूर मोजून घ्यावा इतका स्वच्छ. रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबून काचेतून बघायला लागली.

"ऐकू येतोय?" नेव्हिल ओरडला.

"येतोय! भयंकर आहे!" ग्लेनिस ओरडली.

"घेतो!"

बेरिलनं चेरी परत घेतला आणि वर काही मागितलं नाही. खिडकीखालची जमीन पंधरा वर्षांत प्रथमच दिसत होती. रात्री अंगणात नेव्हिलनं त्या बेसला गटाराच्या जंतुनाशकानं तीनदा पुसलं. केस गेले. रंग तसाच राहिला.

रविवारी फ्लीसमध्ये सकाळी कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस होऊन गेला होता. वाजवायच्या कोपऱ्यात गालिच्यावर गुलाबी केक तुडवलेला, त्यात बुटांचे ठसे आणि एका कुत्र्याची जीभ. नेव्हिल दारात उभा राहिला. पाठीवर बेस, डाव्या हातात अॅम्प, उजव्या हातात वायरींची पिशवी. एक खेप. रॉडनी आणि डगी बघत होते. बारपाशी केल्विन इस्त्रीच्या शर्टात उभा होता, हातात गाडीची किल्ली.

"आयव्ही," नेव्हिलनं पबच्या मालकिणीला हाक मारली, "बाटल्यांचे दोन रिकामे क्रेट दे. माझं सामान मी त्या केकात ठेवणार नाही."

"केक चांगला होता हं," आयव्ही म्हणाली. पण क्रेट दिले.

क्रेटवर क्रेट आणि त्यावर अॅम्प, असा तो स्पीकर नेव्हिलच्या छातीपर्यंत, कानाच्या जवळ आला. इतकी वर्षं जमिनीवरची पेटी त्याच्या पोटऱ्यांना बेस ऐकवत होती.

"हा काय डबा आणलाय, चहाचा?" रॉडनी म्हणाला.

"तू सुरू कर लेका."

रॉडनीनं सुरू केलं. डगीनं झांजा झोडल्या. आणि त्या दोघांच्या मधून, सर्दी झालेल्या माणसासारखा भांडत, वाटाण्याचा बेस बाहेर आला. डगीनं दचकून मान वर केली. आज त्याला बेस ऐकू येत होता आणि त्यामुळे ठेक्यात राहावं लागत होतं. चौथ्या गाण्याला बारजवळची माणसं पाय आपटायला लागली. सहाव्याला एक धिप्पाड प्लंबर नाचत नाचत पुढे आला, त्यानं गिरकी घेतली आणि काळ्या बियरचा भरलेला ग्लास नेव्हिलच्या बेसवर पालथा झाला.

बियर तारांवरून ओघळली, बोटांवरून कोपरापर्यंत गेली आणि बाहीत शिरली. नेव्हिलचा चेहरा आक्रसला. एक ठोका चुकला नाही. उलट ओल्या बोटांनी जरा जास्तच सुरेल वाजवलं असं ग्लेनिसचं मत आहे. पण ती दाराबाहेर उभी होती.

मधल्या सुट्टीत केल्विन जवळ आला. रंग उडालेला.

"हे... असं नेहमी होतं?"

"नाही रे. कधी कधी ती बियर कुणाची तरी आधी पिऊन झालेली असते."

केल्विननं त्या चिकट, ठिबकणाऱ्या बेसकडे पाहिलं. मग केकाकडे. तेवढ्यात मुतारीचं दार उघडलं आणि झुळूक आली. गाडीतल्या मखमलीच्या पेटीत निजलेलं आपलं तान्हं त्याच्या डोळ्यांसमोर आलं असावं. "मी जरा घरी जाऊन येतो," तो म्हणाला. त्यालाही माहीत होतं आणि नेव्हिललाही, की तो येणार नाही.

सहा वाजता कार्यक्रम संपला. नेव्हिलनं बेस पाठीला लावला, डाव्या हातात अॅम्प, उजव्यात पिशवी, आणि खांद्यानं दार ढकललं. कुणी हात लावला नाही. रॉडनी तेवढा वाटेतून बाजूला झाला. व्हॅनपाशी येऊन त्यानं खिशातली डायरी काढली.

"केल्विन गेला वाटतं."

"गेला."

"हं." रॉडनी पानं उलटत राहिला. "आयव्ही म्हणते, आता महिन्यातून दोन रविवार. इथेच. वर्षभर."

नेव्हिल बाही पिळत होता. काळी बियर बुटावर टपकत होती.

"मला ओकारी येते या जागेची," तो म्हणाला.

"मग? येणार की नाही?"

"सामान किती वाजता उतरवायचं?"