परदेशी निघालेल्या गोवऱ्या

शुद्धलेखनाच्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर माफ असावं, माझी शाळा चौथीतच सुटली. पण पोलीस ठाण्यातला तो दिवस अजून डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहून ठेवते.

विश्रांतवाडीच्या मागे आमचा गोठा आहे. आम्ही चार बायका होमासाठी शेणाच्या तळहाताएवढ्या गोवऱ्या थापतो. एक एजंट आला. "मावशी, परदेशातली मराठी माणसं पूजेला मागतात. माल द्या, तपासणीच्या दाखल्याचा खर्च भरा." माझ्या शब्दावर बायकांनी पोती भरून माल आणि सगळी बचत दिली. पुढे तो म्हणाला, "रोगाच्या भीतीने तिकडच्या बंदरावर माल जाळला." पुष्कळ देश शेणाचा माल घेत नाहीत हे ऐकून होते, म्हणून खरं वाटलं. बायका मात्र माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

एकदा मंडईतून परतताना जाऊबाईंना बुधवार पेठेतल्या दुकानात गोवऱ्या दिसल्या. त्यांनी दोन विकत आणल्या. "अगं, हा तर तुझा हात!" माझं मधलं बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात अर्धं गेलंय. थापताना तो ठसा उमटतोच.

आम्ही तक्रार दिली. इन्स्पेक्टर मॅडमनी एजंटाला बोलावलं, समोर गोवऱ्या ठेवल्या.

"माल जळाला ना? मग या कुठल्या?"

"मॅडम, गोवऱ्या सगळ्या सारख्याच."

"असं? ताई, हात दाखवा बरं."

तो हात मी कायम पदराखाली ठेवते. चारचौघांत बाहेर काढवेना.

"काढ की! इथे काय बांगड्या भरायच्यात?" जाऊबाई ओरडल्या.

मी हात गोवरीवर ठेवला. आखूड बोट आखूड खळग्यापाशीच थांबलं.

"परदेश फिरून आल्या वाटतं," मॅडम एजंटाला म्हणाल्या. "पासपोर्ट आणा त्यांचा."

संध्याकाळी त्यानेच गोदाम दाखवलं. पंचनाम्यात आमची बाकीची पोती सापडली.

निघताना मॅडम म्हणाल्या, "माणूस खोटा होता, धंदा नाही. दाखला तुमच्या नावाने काढा." कचेरीचे बरेच हेलपाटे पडले, एक खेप कागद अपुरे म्हणून परतही आली. दुसरी मात्र पोचली. दुसऱ्याच्या तोंडून व्यवहार करायचा नाही, खिडकीपाशी आपणच उभं राहायचं, एवढं मी शिकले.

एजंटाने कोर्टात हप्ते कबूल केले. काल शेवटचा हप्ता आला. बायकांची सगळी बचत परत मिळाली.