कुणाची हरकत?

ती बाई मला नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात, रांगेत, एकदाच भेटली. पिंपळगावकडची द्राक्षबागायतदार, नखांत फवारणीच्या मोरचुदाचा निळा रंग. जिल्ह्याच्या हवामान आराखड्याची बैठक झाली होती. तिथं काय ठरलं, त्याचं इतिवृत्त तिनं माहिती अधिकारात मागितलं होतं.

"मावशी, ती अंतर्गत बाब आहे. देता येत नाही," कारकून मान खाली घालूनच म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. बैठकीतल्या हारतुऱ्यांचे फोटो पेपरात छापायला चालतात, आणि निर्णय तेवढा झाकायचा?

ती मात्र शांत होती. चष्मा पुसत म्हणाली, "भाऊ, आमच्या ग्रामसभेत मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचून हरकत इचारल्याबिगर पुढचा विषय घेत नाय. तुमची बैठक आतली असंल, पण गारा तर आमच्या बागेवर पडल्या ना?"

मग माझं पेन मागून घेऊन तिनं त्याच्याच टेबलावर अपील लिहिलं. लिहून झाल्यावर उभी राहिली आणि सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल असं ते वाचलं. शेवटी विचारलं, "कुणाची हरकत?"

रांगेतले आम्ही सगळे ओरडलो, "नाही!"

तेव्हा कुठं कारकुनानं मान वर केली.