कानपूरचा पट्टा आणि खोबरेल तेल

बंदुकांचं मला कधीच कौतुक नव्हतं. भूकंपानंतरच्या बांधकामावर इंजिनीअर म्हणून ख्राइस्टचर्चला आलो, भाड्याचं घर घेतलं, तर शेजारी नेमके जुनी लष्करी रायफल बाळगणारे निघाले. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त मेकॅनिक, एकटेच राहणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी कुंपणावरून 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत माझ्या हातात आपल्या झाडाची लिंबं ठेवली. मी मात्र रायफलीचं ऐकल्यावर महिनाभर त्यांना टाळत होतो. असा मी अकलेचा कांदा.

रायफल त्यांच्या आजोबांची, शंभर वर्षांहून जुनी. रीतसर परवाना, लोखंडी कपाट, दोन कुलपं. भूकंपात कपाट जागचं हललं नाही, पण गराजमधला नळ फुटला आणि ओलीनं रायफलीचा चामडी पट्टा कुजला. हात लावला की तुकडे पडायचे. २०१५च्या एप्रिलात, इथल्या युद्धस्मृतिदिनाला म्हणजे अ‍ॅन्झॅक डेला, आमच्या भागातल्या हॉलमध्ये घराघरांतल्या युद्धकाळच्या वस्तू मांडायच्या होत्या. पट्ट्याशिवाय रायफल न्यायला ते तयार नव्हते.

"आजोबा ती खांद्याला लावून चालले, मेट. खांद्यावरचं काही नको का दिसायला?"

त्यांना इंटरनेटवरून खरेदी जमत नव्हती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. जुन्यासारखे हुबेहूब पट्टे नव्याने बनवून विकणारे जगभर आहेत, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येकाचा दावा एकच, आमचाच अस्सल नकली. आम्ही रायफलीच्या कड्यांची रुंदी मोजली, पितळी आकड्यांचे फोटो ताडून पाहिले, दोन शनिवार चहा पीत वाद घातला आणि शेवटी एक मागवला. मार्चमध्ये पार्सल आलं. पट्टा ताठ, लालसर, नव्या चामड्याच्या वासाचा. आतल्या चिठ्ठीवर लिहिलेलं, मेड इन कानपूर.

"तुझ्या देशातून आलाय की!" ते हसले. "तुला चामड्यातलं कळतं का काही?"

"माझे आजोबा चामड्याचंच काम करायचे," मी म्हणालो.

बोलून गेलो आणि मीच दचकलो. हे वाक्य मी आयुष्यात कुणासमोर उच्चारलं नव्हतं. आजोबा गावात चपला शिवायचे, विहिरींच्या मोटा दुरुस्त करायचे. वडील शिकले, सोलापूरला सरकारी कचेरीत कारकून झाले आणि तो विषय त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवला. कुणी विचारलंच, तर आमची शेती होती. शेती कसली, कोथिंबीर लावायला जागा नव्हती. पुण्याला हॉस्टेलवर मीही हेच उत्तर देत राहिलो. त्या कामावरून वडिलांना काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

शेजाऱ्यांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. "भाग्यवान आहेस! स्वीट अ‍ॅज!" म्हणजे एकदम झकास. "मग हा तूच तयार कर." आणि पट्टा माझ्या हातात.

आता आली का पंचाईत! आजोबांचा नातू, पण चामड्याला तेल कोणतं लावतात तेही मला माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटली. आपल्याकडे डोक्यापासून टाचेपर्यंत सगळ्याला चालतं ते खोबरेल तेल घेतलं आणि बाळाला मालिश करावं तसं चांगलं दाबून चोळलं. अर्धी बाटली जिरवली. मग पट्टा गराजमध्ये खिळ्याला टांगला.

एप्रिलची थंडी पडली आणि तेल थिजलं. शिवणीत, भोकांत, आकड्यांखाली पांढरा थर. पट्टा काळवंडलेला, लुळा पडलेला. अ‍ॅन्झॅक डेला दोन आठवडे उरलेले, आणि दुसरा पट्टा तेवढ्यात येणार नव्हता.

एकच माणूस होता, ज्याला हे ठाऊक असणार. त्याला विचारायचं म्हणजे मी काय बोलून बसलो तेही सांगायचं. रविवारी संध्याकाळी, तिकडे सकाळी साडेदहाच्या सुमारास, व्हिडिओ कॉल लावला आणि पट्टा कॅमेऱ्यासमोर धरला.

वडिलांनी चेहरा स्क्रीनला भिडवला. मग ज्या बोलीत ते घरात कधी बोलले नव्हते, त्या बोलीत म्हणाले, "आरं, तेलात बुडवलास व्हय? कातडं हाय ते, वडा न्हाई."

मग एकेक सांगत गेले. आकडे काढ, नाहीतर पितळेला हिरवं चढतं. हीटरजवळ नेऊ नको, तडकेल. हाताच्या उबेनं तेल सैल कर, फडक्यानं टिप. मक्याचं पीठ चोळ, सावलीत आडवा ठेव, टांगू नको. रोज पीठ बदल. आठ दिवसांनी मेणाचा पातळ हात, तोही एकदाच. कडा घासायच्या कशा, ते त्यांनी आपल्या कमरेचा पट्टा काढून दाखवलं. मॅट्रिक होईपर्यंत ते रोज आजोबांशेजारी बसत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

"पण हे काम तुझ्याकडं का दिलं त्यांनी?" त्यांनी अचानक विचारलं.

मी सांगून टाकलं. आता हे फोन ठेवणार, आणि पुढच्या वेळी फक्त हवामानावर बोलणार, असं मला वाटलं.

"मग? काय म्हणाले ते?"

"म्हणाले, भाग्यवान आहेस."

वडिलांनी चष्मा काढून पुसला. "पीठ रोज बदल," एवढंच बोलले.

आठवडाभर ते रोज ठरल्या वेळी फोनवर हजर. "वळव. मागची बाजू दाखव." निवृत्तीनंतर त्यांचा आवाज इतका करडा ऐकला नव्हता. पट्टा थोडा काळसर राहिला, पण अंगात जीव आला. शेजाऱ्यांना मी माझा पराक्रम कबूल केला. ते पोट धरून हसले, वर म्हणाले, असाच जुना दिसतो, उत्तम. त्यांचा आणि वडिलांचा मी किती ऋणी आहे, हे मला नीट मांडता येत नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आम्ही पट्टा रायफलीला चढवला. शेजाऱ्यांना वडिलांचे आभार मानायचे होते, म्हणून फोन लावून दिला. वडील इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शेजाऱ्यांचं बोलणं त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं, मग घसा खाकरला आणि कचेरीतल्या जपून बोललेल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाले,

"सर, माय फादर मेड शूज. ही टॉट मी."