पापडांना ऊन, सुनेला सावली

शाळा सुटायच्या वेळी पांढुर्ण्याच्या बसचा कंडक्टर सौंसरच्या आमच्या शाळेच्या फाटकाशी आला. म्हणाला, "मास्तर, तुमच्या ताई गेल्या. दुकानातून निरोप देला." निरोप घेऊन यायलाही तिच्या सासरचं कोणी निघालं नाही. बाहेर ऊन होतं ना... महिना होत आला. राग निवला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

शकूताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मोहगावला संत्र्याच्या बागेत दिवसभर हुंदडणारी, मला पाठीवर घेऊन पाटाचं पाणी ओलांडणारी. दिली पांढुर्ण्याला, कापड दुकानवाल्यांकडे. त्या घराचा मोठेपणा एकच: आमच्या सुनांनी कधी ऊन पाहिलं नाही. पाहुण्याला चहाच्या कपाबरोबर हे वाक्य मिळायचंच. दुसरं कर्तृत्व नसलं की माणसं सुनेच्या रंगावर मिरवतात. त्या घरात ऊन सगळ्यांना मिळे. पापडांना, कुरडयांना, मिरच्यांना, गाद्यांना, सासऱ्यांच्या जोड्यांनासुद्धा. ते सगळं गच्चीवर नेई मोलकरीण. ताई खाली मधल्या खोलीत, जिथे भर दुपारी दिवा लावावा लागे.

चौदा वर्षांत तिचे गुडघे गेले, कंबर गेली. मग चार पायऱ्या चढल्या की धाप लागू लागली, पायांवर सूज दिसू लागली. भाऊजी कौतुकाने म्हणत, "नाजूक आहे ते." गेल्या थंडीत भांडून तिला सौंसरच्या डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, अंगाला ऊन नाही म्हणून ड जीवनसत्त्व नाही, ते नाही म्हणून कॅल्शियम नाही. हाडं तर ठिसूळ झालीच, पण हृदयालाही कॅल्शियम लागतं, तेही थकलं आहे. सगळा दोष उन्हाचाच असं ते म्हणाले नाहीत. औषधं लिहून दिली आणि रोज सकाळी अंगावर ऊन घ्यायला सांगितलं. फुकटचं औषध. त्या घराला तेच परवडलं नाही.

"धुपेत मजुरनी बसते, मास्तर," ताईला परत पोचवायला गेलो तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरच्या सुना नाही बसत."

भाऊजींनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "गोळ्या देऊन राहिलो न आम्ही. गच्चीवर काऊन बसवा लागते? सामने बाजार आहे." बाजाराला बायको दिसू नये म्हणून तिला मरू देणारा माणूस त्याच बाजारात बसून दिवसभर परक्या बायकांना लुगडी उलगडून दाखवतो.

निघताना मी ताईला म्हटलं, "चल माझ्याकडे. अंगणात खाट टाकतो."

तिचे डोळे क्षणभर मोहगावच्या ताईचे झाले. "येतो म्हणलं तर येईन रे, विनू. तुया अंगणात सकाळपासून बसीन. पण लोक म्हणतीन, सासरच्यांनी टाकली."

तेव्हा मी तिची पिशवी उचलायला हवी होती. पण मलाही तेच लोक दिसले. शाळेतले, गल्लीतले, विचारणारे. मी म्हणालो, "पुढच्या हिवाळ्यात पाहू..." तिने मान डोलावली. माझी सुटका तिनेच करून दिली. त्या घराला मी नावं ठेवतो खरा, पण माझ्या तोंडावर थुंकायला मला कुठे दूर जायचं आहे?

तेराव्याला गेलो. जेवण झाल्यावर गुदमरलं म्हणून गच्चीवर गेलो. पहिल्यांदाच. तिथे ताईची गादी पसरली होती. कापूस चांगला आहे म्हणून ती ठेवून घेतली होती. मोलकरीण गादी उलटी करत होती आणि जिन्यातून सासूबाईंचा आवाज वर आला, "दोन्हीकडून तापू दे वं. दिवसभर धूप लागली पाहिजे."

मी वाकून गादीवर हात ठेवला. चटका बसला.